मोरचेलांचा मान आणि तेरेखोलची सीमा

सिंधुदुर्ग जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवून त्याच्या दक्षिण टोकाकडे बारकाईने पाहिले, तर एक विसंगती ध्यानात आल्यावाचून राहत नाही. सह्याद्रीत मनोहरगडाच्या परिसरात उगम पावणारी तेरेखोल नदी बांद्यावरून खाली येते आणि पुढे महाराष्ट्र व गोवा यांची सीमा होऊन समुद्राकडे जाते. उत्तरेस सातार्डा, आरोंदा ही सावंतवाडी तालुक्यातील गावे, दक्षिणेस पेडणे तालुका. इतकी स्वाभाविक सीमा क्वचितच आढळावी. परंतु नदीच्या मुखाशी येताच ही रेषा एकाएकी पाणी सोडून उत्तरेच्या काठावर चढते आणि टेकडीवरचा एक किल्ला व त्याच्या पायथ्याचे एक लहानसे गाव गोव्याच्या पदरात टाकून मगच समुद्रात उतरते. हा तेरेखोलचा किल्ला. रेडीहून चालत गेले तरी तेथे पोचता येते; गोव्यातून जायचे तर केरीला तर गाठावी लागते, नाही तर किरणपाणीचा पूल ओलांडून, महाराष्ट्राच्या हद्दीतून वळसा घालून जावे लागते.

ही रेषा अशी का, या प्रश्नाचे आपल्याकडील प्रचलित उत्तर ‘पोर्तुगीजांमुळे’ एवढेच असते. ते खोटे नाही. पण ते अर्धे आहे, आणि उरलेले अर्धे आपल्याला फारसे आवडणारे नाही. म्हणूनच बहुधा ते शाळेच्या इतिहासात येत नाही. सावंतवाडीचे भोसले आणि गोव्याचे पोर्तुगीज या दोन सत्तांचा सीमावाद दीडशे वर्षांहून अधिक काळ चालला. त्याचा निकाल लागला तो मात्र रणांगणावर पोर्तुगीजांनी वाडीकरांना जिंकल्यामुळे नव्हे. तो लागला वाडी आणि कोल्हापूर या दोन मराठी घराण्यांच्या आपसातील चुरशीतून.

प्रारंभीची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. गोव्यातील ज्या मुलखाला पोर्तुगीज ‘जुन्या काबिजादी’ म्हणत, तो तिसवाडी, बारदेश आणि साष्टी एवढाच होता. बारदेशाच्या उत्तरेस शापोऱ्याची नदी. तिच्यापलीकडचे पेडणे, पूर्वेकडील डिचोली, साखळी, सत्तरी हा सर्व प्रदेश प्रथम विजापूरकरांचा आणि पुढे सावंतांच्या अमलाखालचा. म्हणजे आज जिला आपण गोव्याची सीमा समजतो तिच्यापासून खाली कित्येक मैलांवर, शापोरा आणि कोलवाळच्या पाण्याशी, खरी सीमा होती. सीमेवरील देसाई मंडळी प्रसंग पाहून इकडून तिकडे आणि तिकडून इकडे आश्रय घेत. शिवछत्रपतींच्या धाकाने पळालेल्या देसायांना पोर्तुगीजांनी थारा दिला आणि त्यांच्या पाठलागाच्या निमित्ताने नोव्हेंबर १६६७ मध्ये महाराजांच्या फौजा बारदेशात शिरल्या, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. त्या देसायांत वाडीचे लखम सावंतही होते, हे मात्र तितकेसे सांगितले जात नाही.

पुढे १७३९ साली, उत्तरेकडे चिमाजी अप्पा वसईशी झुंजत असता, दक्षिणेत पेशव्यांच्या सैन्याने साष्टीत आणि वाडीकर भोसल्यांनी बारदेशात मुसंडी मारली. गोवा हातचा जातो की काय, अशी अवस्था पोर्तुगीजांवर ओढवली. १७४१ मध्ये लिस्बनहून नवे सैन्य घेऊन व्हाइसरॉय आला आणि त्याने वाडीकरांना बारदेशातून मागे रेटले. त्याच्यामागून आलेल्या, पुढे मार्केझ द अलोर्ना या नावाने ओळखल्या गेलेल्या व्हाइसरॉयने तर युद्धच वाडीच्या मुलखात नेले. मे १७४६ मध्ये हळर्णचा किल्ला पडला (‘अलोर्ना’ ही पदवी त्याने या हळर्णवरूनच मिरविली), आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तेरेखोल. सावंतांनी सतराव्या शतकात बांधलेला हा किल्ला तेव्हा गेला तो गेलाच. त्यानंतर रेडी आणि निवती हीही ठिकाणे काही काळ पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. पण ती आणि इतर पुष्कळसा प्रदेश पुढील तहांत वाडीकरांकडे परत आला. तेरेखोल परत आले नाही.

यातील एक भौगोलिक गंमत अशी, की १७४६ पासून पुढची चाळीसएक वर्षे तेरेखोल हे पोर्तुगीजांचे सर्वस्वी एकाकी ठाणे होते. नदीच्या उत्तरेस वाडीचा मुलूख, दक्षिणेस पेडणे, तेही वाडीचेच. गोव्याशी संबंध काय तो समुद्रमार्गे. अशा ठाण्याला एरवी फार दिवस आयुष्य नसते. तेरेखोल टिकले, कारण ज्यांनी ते घ्यावयाचे त्यांचे लक्ष दुसरीकडे गुंतले होते.

हे दुसरीकडचे प्रकरण जरा विस्ताराने पाहिले पाहिजे. वाडीच्या गादीवर १७५५ पासून १८०३ पर्यंत तिसरे खेम सावंत होते. जवळजवळ अर्धशतकाची ही कारकीर्द. १७६३ मध्ये त्यांचा विवाह शिंदे घराण्यातील लक्ष्मीबाईंशी झाला. उत्तर हिंदुस्थानात शिंद्यांचे वजन वाढत होते, आणि त्या वजनाच्या जोरावर वाडीच्या अधिपतींना दिल्लीच्या बादशहाकडून ‘राजेबहादूर’ हा किताब मिळाला. पुढे मोरचेले वापरण्याचा मानही मिळाला. मोरचेल म्हणजे मोरपिसांची चवरी. ती कोणावर ढाळावयाची आणि कोणावर नाही, याला त्या काळच्या दरबारी जगात केवढे महत्त्व होते, याची कल्पना आज येणे कठीण आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींना हा मान खपला नाही. ज्यांना आपण आपल्या मर्यादेतील सरदार समजतो त्यांनी राजचिन्हे मिरवावीत, आणि तीही दिल्लीच्या नामधारी बादशहाने दिलेली, ही त्यांना आगळीक वाटली. त्यांच्या बाजूने विचार केला तर तिला काही आधार नव्हता असेही म्हणवत नाही. पण त्या आगळीकीची किंमत ज्यांना द्यावी लागली त्यांच्यावर कोणी कधी मोरचेल ढाळले नव्हते.

कोल्हापूरची फौज घाट उतरली. निवती, वेंगुर्ले ही ठिकाणे कोल्हापूरकरांच्या हाती गेली. त्याआधीच, १७८१-८२ च्या सुमारास, वाडीची ही ओढाताण पाहून पोर्तुगीजांनी डिचोली आणि सत्तरी गिळंकृत केली होती. आता दोन्हीकडून कोंडी झालेल्या खेम सावंतांनी, ज्या पोर्तुगीजांनी कालपरवा आपला मुलूख बळकावला त्यांच्याकडेच, कोल्हापूरविरुद्ध मदत मागितली. मदत मिळाली. तिचा मोबदला म्हणून १७८८ मध्ये पेडणे महाल पोर्तुगीजांना देण्यात आला. शापोऱ्याच्या पाण्यावरची सीमा उचलून तेरेखोलच्या पाण्यावर आली ती अशी. इतके दिवस एकाकी पडलेला तेरेखोलचा किल्ला आता पेडण्यासमोर, नदीच्या पलीकडच्या काठावर, पोर्तुगीज मुलखाचे उत्तर टोक म्हणून शोभू लागला. आणि शापोऱ्याच्या किल्ल्याचे सीमारक्षक म्हणून असलेले महत्त्व ओसरले. आजच्या नकाशावरील रेषा तीच.

गोव्याच्या दफ्तरखान्यात आयुष्य घालविलेल्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ या ग्रंथात या कालखंडातील व्यवहारांचे धागे पोर्तुगीज कागदांच्या आधारे उलगडले आहेत. ते वाचताना मनावर ठसते ते हे, की पोर्तुगीज सत्ता या काळात काही फार बलाढ्य नव्हती. तिजोरी रिकामी, मायदेश दूर, सैन्य तुटपुंजे. तिच्याजवळ होता तो फक्त थांबण्याचा धीर आणि प्रत्येक तह जपून ठेवण्याची सवय. शेजाऱ्यांची भांडणे सरली असती तर तिचे काय झाले असते हे सांगणे कठीण आहे; पण ती सरली नाहीत.

या भांडणाचा उत्तरार्धही त्याच वळणाचा आहे. आपण मालवणच्या सिंधुदुर्गाविषयी बोलताना १६६४ सालच्या पायाभरणीवर थांबतो; त्याच्या पुढचे दीडशे वर्षांचे वर्तमान आपल्याला नकोसे असते. इंग्रजांनी १७६५ मध्येच सिंधुदुर्ग आणि रेडी ही दोन्ही ठिकाणे घेऊन चुणूक दाखविली होती. पहिला त्यांनी कोल्हापूरकरांना व दुसरे वाडीकरांना परत केले, पण खंडणीच्या हमीसाठी वेंगुर्ले तेरा वर्षांकरिता गहाण ठेवून घेतले. मुदत सरल्यावर वेंगुर्ले परत मिळेना, तेव्हा १७८० मध्ये सावंतांनी ते बळाने घेतले. एवढा अनुभव गाठीशी असूनही कोल्हापूर आणि वाडी यांचे वैर थांबले नाही. १८०३ मध्ये खेम सावंत पुत्राविना वारले. वाडीत वारसाचा कलह पेटला. कोल्हापूरकरांनी त्याचा लाभ घेण्याची संधी सोडली नाही. परिणाम काय झाला? १८१२ या एकाच वर्षी, चाच्यांच्या बंदोबस्ताच्या नावाखाली, कोल्हापूरकरांकडून मालवण आणि वाडीकरांकडून वेंगुर्ले इंग्रजांनी कायमचे घेतले. दोघेही भाऊबंद एकाच वर्षी बंदराला मुकले. सात वर्षांनी, १८१९ च्या तहान्वये, वाडीकरांनी रेडी व निवती हे किल्ले आणि कर्ली नदीपासून पोर्तुगीज हद्दीपर्यंतची सारी किनारपट्टी इंग्रजांना दिली. ज्या घराण्याच्या आरमाराची एके काळी गोव्याला धास्ती होती, त्याच्या राज्याला समुद्र उरला नाही.

यापुढे सीमा तीच राहिली. बदलले ते दोन बाजूंचे धनी. आता वाद इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात, आणि तो पळालेल्या माणसांवरून, मिठावरून, जकातीवरून. १८४४-४५ च्या वाडीतील बंडात, मनोहर आणि मनसंतोष हे गड पडल्यावर, फोंड सावंत तांबुळकर आणि त्यांच्याबरोबरची मंडळी गोव्यात शिरली. पोर्तुगीजांनी त्यांना इंग्रजांच्या हवाली करण्याचे नाकारले, म्हणून बराच पत्रव्यवहार झाला. दुसऱ्या बाजूने सत्तरीचे राणे पोर्तुगीजांविरुद्ध पुनःपुन्हा उठत, आणि त्यांच्यामागे सह्याद्रीचे जे रान उभे होते त्याला हद्दीचे दगड माहीत नव्हते. प्रजेच्या दृष्टीने सीमेचा हा एक अनपेक्षित उपयोग होता: एका राजाचा गुन्हेगार दुसऱ्या राजाच्या हद्दीत पाहुणा होत असे.

१८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज तह हा या इतिहासातील एक दुर्लक्षित अध्याय आहे. त्यान्वये १८८० पासून बारा वर्षे गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधील जकातीची भिंत पाडण्यात आली आणि मुरगावच्या रेल्वेचा मार्ग मोकळा झाला. कागदावर हे सोयीचे दिसते. परंतु त्याबरोबर गोव्यातील मिठाचा व्यवहार ब्रिटिश नियंत्रणाखाली गेला आणि मिठागरांवर पोट असलेल्यांचे हाल झाले. १८९२ मध्ये तह संपला, जकात नाकी पुन्हा उभी राहिली. वाडीच्या बाजूला शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० मध्ये सत्याग्रह झाला, तो याच किनाऱ्यावर, तेरेखोलपासून फार दूर नव्हे.

१९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले आणि तेरेखोलच्या एका काठावर स्वतंत्र भारत व दुसऱ्या काठावर सालाझारचा पोर्तुगाल अशी स्थिती आली. ही वर्षे सीमेवरील जनतेच्या स्मरणात अजून आहेत. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकविला. दुसऱ्या दिवशी त्यांना पकडण्यात आले. पुढच्या वर्षी त्याच दिवशी देशभरातून आलेल्या सत्याग्रहींवर सीमेवर ठिकठिकाणी गोळीबार झाला, वीसहून अधिक माणसे मेली. पत्रादेवीला पंजाबातून आलेला कर्नेलसिंग बेनिपाल पडला. त्यानंतर हद्द बंद झाली. नात्यागोत्याची, कुळदैवतांची, बाजारहाटाची जी दळणवळणे तीन शतकांच्या युद्धांनी तुटली नव्हती, ती या सहा वर्षांत तुटली. १९५५ च्या नोव्हेंबरात आंबोलीच्या जंगलातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गुप्त आकाशवाणी सुरू केली, ती पुढे कॅसलरॉकला हलविली गेली, पण आरंभ आपल्या घाटमाथ्यावरचा. आणि डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याची उत्तरेकडील फळी गोव्यात उतरली ती दोडामार्गावरून.

याच काळात हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात एक खटला चालू होता, त्याचा उल्लेख येथे अस्थानी ठरू नये. दादरा आणि नगरहवेली १९५४ मध्ये मुक्त झाल्यावर, तेथे जाण्यायेण्याचा आपला हक्क भारताने डावलला अशी पोर्तुगालची तक्रार होती. तिचा पाया होता पुण्याच्या पेशव्यांशी १७७९ मध्ये झालेला तह. एका जागतिक न्यायासनापुढे अठराव्या शतकातील मराठी कागदाच्या शब्दाशब्दाचा कीस पडला. १९६० च्या निकालात न्यायालयाने असे ठरविले, की पेशव्यांनी दिले ते त्या गावांचे महसुली उत्पन्न होते, सरंजामाच्या स्वरूपाचे, राज्याधिकार नव्हे. पोर्तुगालचा नागरी वाहतुकीपुरता हक्क मान्य झाला, सैन्य नेण्याचा मान्य झाला नाही, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही असा निर्वाळा मिळाला. पुणे दरबारने वसूल आणि स्वामित्व यांतील भेद कागदावर राखला, म्हणून पावणेदोनशे वर्षांनी तो उपयोगी पडला. अडचणीत सापडलेल्या वाडीला पेडण्याच्या बाबतीत ही सवड नव्हती.

मुक्तीनंतर सीमा पुसली जाईल अशी अनेकांची अपेक्षा होती. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याच्या जनतेने ती अमान्य केली: विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ मते, बाजूने १,३८,१७०. हा कौल प्रांजळपणे स्वीकारला पाहिजे, आणि तो बहुतेकांनी स्वीकारलाही आहे. १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, १९८७ मध्ये गोवा घटक राज्य झाले. सीमेच्या अलीकडे एक तरुण जिल्हा आणि पलीकडे एक तरुण राज्य उभे राहिले. जुन्या जकात नाक्यांच्या जागी आता इन्सुलीला दारूच्या गाड्या तपासल्या जातात. सीमेवरचा हा व्यवहार मात्र कोणत्याही राजवटीत बुडालेला नाही.

हा सारा इतिहास आज सांगण्याचे कारण असे, की रेषा मेलेली नाही. जानेवारी २०१८ पासून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात राज्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा त्याचा पहिला फटका बांदा, दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले येथील गरिबांना बसला. गंभीर आजाराचा माणूस गाडीत घालून एक तर घाट चढून कोल्हापूरला न्यावा किंवा सीमा ओलांडून बांबोळीला, एवढेच पर्याय त्यांच्यापुढे होते. दोडामार्गात आंदोलन झाले. तालुका गोव्याला जोडा, अशीही भाषा निघाली. ती भाषा त्राग्याची होती. पण त्राग्यामागचे दुःख खरे होते. सिंधुदुर्गनगरीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तरी मोठ्या आजारासाठी बांबोळीची वाट मोडलेली नाही. १९२० मध्ये नव्हे, २०२० मध्ये साथीच्या भयाने पत्रादेवीचा नाका बंद झाला, तेव्हा गोव्यात रोजगाराला गेलेली आपली शेकडो मुले पलीकडे अडकली.

गोवा सरकारची बाजूही पाहिली पाहिजे. एका लहान राज्याने आपल्या तिजोरीतून चालविलेल्या रुग्णालयावर शेजारच्या जिल्ह्याचा भार पडावा आणि त्या जिल्ह्याच्या सरकारने त्याचा हिशेब करू नये, हे न्यायाचे नाही. दोष द्यायचाच तर तो मुंबईला प्रथम द्यावा लागेल. दक्षिण कोकणातील माणसाला उपचार, रोजगार, उच्च शिक्षण यांसाठी पलीकडे पाहावे लागते हे मुंबईतील राज्यकर्त्यांना चार दशके ठाऊक आहे, आणि ‘गोवा आहेच’ या भरवशावर ते स्वस्थ राहिले. विमानतळांचे तेच. चिपीला ऑक्टोबर २०२१ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. पाठोपाठ जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळ चालू झाला, तो कोणत्या तालुक्यात? पेडण्यात. चिपीने त्याच्याशी कशी स्पर्धा करावी, याचा विचार कोणी केल्याचे दिसत नाही.

सामोपचाराला या सीमेवर पूर्वआधार नाही असे मात्र नाही. दोडामार्ग तालुक्यातील तिलारीचे पाणी खाली गोव्यात शापोरा नदी होऊन वाहते. या पाण्यासाठी दोन्ही राज्यांनी १९९० मध्ये करार केला, धरणाचा खर्च वाटून घेतला, कालवे काढले. कुरबुरी झाल्या, विस्थापितांचे प्रश्न लोंबकळले, पण करार टिकला. पाण्याचा वाटा ठरविता येतो तर खाटांचा का ठरविता येऊ नये? बांबोळीला सिंधुदुर्गातून किती रुग्ण जातात, याची नोंद रुग्णालयाच्या वह्यांत आहेच. त्या आकड्यांवरून महाराष्ट्राने दरवर्षी ठरावीक रक्कम गोव्याकडे भरावी, आणि बांदा ते वेंगुर्ले या पट्ट्यातील रुग्णाकडे शिधापत्रिकेपलीकडे काही मागितले जाऊ नये, एवढाच तो करार. त्यासाठी दोन मुख्यमंत्र्यांनी भेटण्याचीही गरज नाही. दोन आरोग्य सचिवांची एक दुपार पुरेल. बैठक सावंतवाडीत घ्यावी. राजवाडा तेथेच आहे.